फुलापानांची चित्रकोडी : विसावा देणारा छंद

एका चित्राचे शेकडो तुकडे करायचे आणि ते जुळवून मूळ चित्र पुन्हा साकारायचे, या खेळास 'जिगसॉ पझल' म्हणतात. मराठीत त्याला चित्रकोडे म्हणता येईल. एके काळी मुलांना भूगोल शिकविण्यासाठी निघालेला हा खेळ पुढे प्रौढांचा विरंगुळा झाला. या खेळाच्या पेट्यांवर फुले, वेली, बागा आणि अरण्ये यांची चित्रे हमखास दिसतात. अशा चित्रांमुळे मनास विसावा का मिळतो, त्याला कितपत आधार आहे आणि तो मिळण्यासाठी चित्र कसे निवडावे, हे जाणून घेण्यासारखे आहे.

नकाशापासून फुलांपर्यंत

या खेळाचे श्रेय सामान्यतः लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशा कोरणाऱ्या कारागिराला दिले जाते. १७६० च्या दशकात त्याने महोगनी लाकडाच्या पातळ फळीवर नकाशे चिकटवले आणि देशांच्या सीमारेषांवरून ते कापून विक्रीस ठेवले. तुकडे जुळवता जुळवता मुलांना देशांची स्थाने कळावीत, हा त्यामागील हेतू होता. 'जिगसॉ' हे नाव मात्र बरेच नंतरचे. बारीक पात्याच्या, वर-खाली चालणाऱ्या करवतीला इंग्रजीत जिगसॉ म्हणतात. तिच्यावरून ते रूढ झाले.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत प्रौढांना या खेळाचे वेड लागले. मागणी इतकी वाढली, की १९०९ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ बनविणाऱ्या कंपनीने इतर खेळ बाजूला ठेवून आपला कारखाना चित्रकोड्यांसाठीच राबविला. त्या काळची कोडी लाकडी असत, हाताने कापली जात आणि म्हणून महाग असत. पुढे पोलादी पात्यांचा साचा पुठ्ठ्यावर दाबून एका दमात सारे तुकडे कापण्याची पद्धत आली आणि किमती उतरल्या. जागतिक मंदीच्या काळात, १९३३ च्या सुरुवातीस, अमेरिकेतील विक्री आठवड्याला एक कोटी कोड्यांपर्यंत पोहोचली होती. हाताला काम नव्हते, करमणुकीवर खर्चायला पैसा नव्हता. अशा घरांत थोडक्या पैशांत अनेक संध्याकाळी पुरणारा हा खेळ होता. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत जगभर चित्रकोड्यांची मागणी पुन्हा एकदा उसळली. दोन्ही वेळा माणसे घरात होती आणि उद्याची चिंता मोठी होती, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

निसर्गचित्रच का?

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे रेचल व स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक विचार मांडला. हिशेब, वाहतूक, कार्यालयीन काम यांसाठी माणसाला लक्ष बळेच एका जागी धरून ठेवावे लागते आणि त्यामुळे ते थकते. झाडे, पाणी, ढग यांच्याकडे मात्र लक्ष आपोआप वळते. त्याला ओढून आणावे लागत नाही. अशा सहज गुंतण्यात थकलेल्या लक्षाला विश्रांती मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात निसर्गाची नुसती छायाचित्रे पाहिल्यानंतरही लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत सुधारणा दिसली. शहरी दृश्यांच्या छायाचित्रांनी ती दिसली नाही. या प्रयोगातील सहभागींची संख्या मात्र अगदी थोडी होती.

त्याआधी १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयातील ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अर्थात, खिडकीबाहेरचे झाड वेगळे आणि पुठ्ठ्यावर छापलेले झाड वेगळे. हे अभ्यास चित्रकोड्यांवर झालेले नाहीत. हिरवाईकडे पाहिल्याने मन निवते, या अनुभवाला त्यांतून पुष्टी मिळते, एवढेच म्हणता येईल.

पाहण्याची सवय

चित्रकोड्याचा खरा गुण मात्र त्याच्या संथपणात आहे. भिंतीवरच्या चित्राकडे माणूस क्षणभर पाहतो आणि पुढे जातो. तेच चित्र हजार तुकड्यांत समोर आले, की त्यातील प्रत्येक पाकळीची कड, देठाचा बाक, पानावरील शीर निरखावी लागते. शहरातील रस्त्यावर दर उन्हाळ्यात गुलमोहर फुलतो. त्याच्या फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी चार लाल-केशरी असतात आणि पाचवीवर पांढरट-पिवळ्या छटा व ठिपके असतात, हे वर्षानुवर्षे त्याच झाडाखालून जाणाऱ्यांच्याही लक्षात आलेले नसते. गुलमोहराचे चित्र जुळवणाऱ्याच्या हातात तो ठिपक्यांचा तुकडा आला, की त्याची जागा शोधल्यावाचून गत्यंतर नसते. महाराष्ट्राचे राज्यफूल असलेल्या ताम्हणाच्या जांभळ्या पाकळ्या चुण्या पडल्यासारख्या असतात, हेही असेच कळते. पुढच्या वेळी ते झाड दिसले, की पावले आपसूक थांबतात. चित्रातून सुरू झालेले पाहणे अशा रीतीने खऱ्या झाडापर्यंत पोहोचते.

चित्राची निवड

सर्वच निसर्गचित्रे सारखी सोपी नसतात. विसाव्यासाठी आणलेले कोडे फार अवघड निघाले, तर त्याचाच ताण होतो. नवशिक्यांनी ३०० ते ५०० तुकड्यांपासून आरंभ करावा आणि वेगवेगळ्या रंगांची फुले वेगवेगळ्या ठिकाणी असलेले चित्र निवडावे. फुलांची परडी, बाजारातील फुलांचे दुकान, मागे घर व पुढे ताटवे असलेली बाग ही चित्रे त्या दृष्टीने सोयीची ठरतात. कारण तुकडा हातात घेताच तो साधारण कुठला, याचा अंदाज येतो.

निरभ्र आकाश, संथ पाणी, दाट पर्णसंभार आणि एकाच फुलाचे लांबवर पसरलेले शेत ही चित्रे कठीण. तेथे रंग मदतीला येत नाही, केवळ आकारावर भिस्त ठेवावी लागते. जुन्या वनस्पतिशास्त्रीय चित्रांत फूल ठसठशीत असले, तरी भोवतालचा कोरा कागद चिकाटीची परीक्षा पाहतो. क्लोद मोने यांनी जिव्हेर्नी येथील आपल्या बागेतील कमळांची सुमारे २५० चित्रे रंगविली. त्यांत वस्तूंना स्पष्ट कडा नाहीत, पाणी व प्रतिबिंब एकमेकांत मिसळतात. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांच्या १८८८ मधील सूर्यफुलांच्या एका प्रसिद्ध चित्रात पिवळ्या पार्श्वभूमीवर पिवळीच फुले आहेत. ही कोडी सरावल्यावर हाती घ्यावीत.

स्वतः काढलेल्या छायाचित्राचेही कोडे करून मिळते. सातारा जिल्ह्यातील कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. पावसाळ्याच्या अखेरीस तेथे तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा निळसर-जांभळा रंग शेजारी शेजारी पसरलेला असतो. अशा छायाचित्राचे कोडे छान होते. मात्र चित्रात जवळची फुले, मधला उतार आणि दूरची डोंगररांग असे तीन भाग असावेत. नुसत्या एकरंगी गालिच्याचे कोडे लवकरच कंटाळा आणते.

मांडणी आणि जपणूक

सर्वसाधारणपणे आधी कडेचे, म्हणजे एक बाजू सरळ असलेले तुकडे वेगळे काढतात. हजार तुकड्यांच्या कोड्यात ४० बाय २५ अशी रचना असेल, तर कडेचे तुकडे १२६ भरतात. चौकट तयार झाली, की उरलेले तुकडे रंगांनुसार ताटल्यांत वाटून घ्यावेत. फुलांच्या चित्रात प्रथम फुले, मग देठ व कळ्या, शेवटी पाने आणि पार्श्वभूमी, हा क्रम सुखाचा होतो. हिरव्या तुकड्यांशी सामना करण्याची वेळ येते तेव्हा जागाही थोड्याच उरलेल्या असतात.

हजार तुकड्यांचे चित्र सुमारे ७० बाय ५० सेंटिमीटरचे होते. दोन खोल्यांच्या घरात जेवणाचे टेबल आठवडाभर अडवून ठेवणे परवडत नाही. त्यासाठी एका प्लायवूडच्या फळीवर कोडे मांडावे. रात्री ती पलंगाखाली सरकवता येते. पंख्याचा झोत थेट येणार नाही, अशी जागा निवडावी. कोकण व मुंबईच्या पावसाळी हवेत पुठ्ठा दमट होऊन तुकडे फुगतात, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. तीन वर्षांखालील मुले घरात असल्यास तुकडे त्यांच्या हाती लागू देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो.

औषध नव्हे, विश्रांती

चित्रकोडी सोडविल्याने स्मरणशक्ती वाढते, असे सर्रास सांगितले जाते. जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी पन्नाशी उलटलेल्या १०० निरोगी व्यक्तींचा अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोडे जुळवताना मेंदूच्या अनेक क्षमता एकाच वेळी वापरल्या जातात आणि आयुष्यभर हा छंद जोपासणाऱ्यांच्या त्या क्षमता चांगल्या असतात, असे त्यांना आढळले. मात्र त्याचे कारण हा छंदच आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ३० दिवस रोज किमान तासभर कोडी सोडविणाऱ्या गटात इतरांच्या तुलनेत अर्थपूर्ण सुधारणा दिसली नाही. स्मृतिभ्रंशाच्या भीतीने घरातील वृद्धांच्या हाती बळेच कोडे देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्यास गोडी नाही, त्याच्या दृष्टीने ते आणखी एक काम होते. झोप उडाली असेल, उदासी दीर्घकाळ टिकली असेल, तर डॉक्टरांचा सल्लाच घ्यावा.

या खेळाच्या आता स्पर्धाही भरतात; २०१९ मध्ये स्पेनमधील वायादोलिद येथे जागतिक स्पर्धा झाली. तेथे घड्याळाला महत्त्व असते. घरच्या टेबलावर ते असण्याचे कारण नाही. दिवसाकाठी दहा तुकडे बसले तरी पुरे. कार्यालयातील कामाचा दिवस संपतो तेव्हा बरेच काही अर्धवट राहिलेले असते. फळीवरचे फूलही अर्धवटच असते. पण ते उद्यापर्यंत थांबायला तयार असते, आणि त्याची प्रत्येक पाकळी कुठेतरी नेमकी बसणार, याची खात्री असते.