मीटरगेजची निवृत्ती आणि मिरज जंक्शन

दीर्घकाळ चालणाऱ्या यंत्रणेतून जुन्या साधनांचा आधार काढून घेतला असता अडचण नाहीशी होते, की केवळ जागा बदलते? कोल्हापूर–मिरज लोहमार्गाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८९१ मध्ये सुरू झालेला कोल्हापूर संस्थानचा हा मार्ग मीटरगेज होता. त्यामुळे मुंबईकडे जाणारा गुळासारखा माल पुण्यास दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. १९७१ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला. एक मीटर अंतराच्या चाकांची इंजिने व डबे १.६७६ मीटर रुंदीच्या रुळांवर निरुपयोगी ठरले. पुण्याची चढउतार थांबली. परंतु लोंढ्याकडील मार्ग मीटरगेजच राहिल्याने दक्षिणेच्या मालासाठी ती मिरजेस आली. १९९० नंतरच्या दशकात तोही मार्ग रुंद झाला. तोवर सुमारे दोन तपे पुण्याच्या सोयीचा भार मिरजेने वाहिला.