ज्यू धर्मातल्या छोट्या उपवासांना संगीत चालतं का?

वर्षातून काही दिवस असे येतात की एखादा धार्मिक ज्यू माणूस नेहमीसारखा कामाला निघतो, ट्रेनमध्ये बसतो, हेडफोन काढतो आणि थबकतो. आज उपवास आहे. खाणंपिणं बंद, हे नक्की. पण गाणी?

थोडक्यात उत्तर असं : छोट्या उपवासाला संगीत ऐकू नये, असा थेट नियम मूळ धर्मशास्त्रात नाही. तरीही अनेक रब्बी (ज्यू धर्मगुरू) ते टाळायला सांगतात. आणि एका उपवासाच्या बाबतीत प्रथा बरीच कडक आहे.

छोटे उपवास म्हणजे कोणते?

योम किप्पूर आणि तिशा बआव हे दोन मोठे उपवास. ते सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत, म्हणजे सुमारे २५ तास चालतात. छोटे उपवास पहाटे सुरू होऊन रात्री संपतात. त्यातले प्रमुख चार :

• ३ तिश्री : यहुदाचा प्रशासक गदल्या याच्या हत्येची आठवण
• १० तेवेत : बॅबिलोनच्या राजाने जेरुसलेमला वेढा घातला तो दिवस
• १३ अदार : एस्थरचा उपवास, पुरीम सणाच्या आदल्या दिवशी
• १७ तम्मूझ : जेरुसलेमची तटबंदी फोडली गेली तो दिवस

मुळात संगीताचा प्रश्न आला कुठून?

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर पाडलं. त्या दुःखापोटी धर्मपंडितांनी मेजवान्यांमधल्या गाण्याबजावण्यावर बंधनं आणली. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी 'शुल्हान आरुख' या नियमग्रंथात वाद्यसंगीतावरची बंदी नोंदवली. लग्नासारख्या धार्मिक आनंदाला मात्र सूट होती. पोलंडचे रब्बी मोशे इस्सरलेस यांनी त्याच ग्रंथावरच्या टिपांमध्ये ही बंदी मर्यादित असल्याचं मत नोंदवलं. आज बहुतेक ज्यू समाज एरवीच्या दिवशी संगीत ऐकतो, तो अशा सौम्य मतांच्या आधारावर. मग वाद उरतो तो उपवासाच्या दिवसाचा.

दोन्ही बाजू काय म्हणतात?

सौम्य बाजू : छोट्या उपवासात बंदी फक्त खाण्यापिण्यावर आहे. तिशा बआवला अंघोळ आणि चामड्याची पादत्राणंही वर्ज्य असतात, छोट्या उपवासाला नसतात. शोकाचे इतर नियम इथे लागूच नाहीत, तर संगीताला तरी का लावायचे?

कडक बाजू : बाराव्या शतकातले पंडित मायमोनिडीस सांगतात की उपवासाचा हेतू मन जागं करणं आणि पश्चात्तापाकडे वळवणं हा आहे. उपवास करणाऱ्याने त्या दिवशी चैन आणि मौजमजा करू नये, असंही ते लिहितात. नाचायला लावणारी गाणी लावून बसलं, तर पोट रिकामं राहील, पण उपवासाचा हेतू हरवेल.

म्हणूनच बरेच जण मधला मार्ग धरतात : मैफल, पार्टी, धांगडधिंगा नाही. शांत किंवा प्रार्थनेची गाणी ऐकणाऱ्याला मात्र फारसा कोणी दोष देत नाही.

१७ तम्मूझ वेगळा का?

या दिवसापासून तिशा बआवपर्यंतचे तीन आठवडे शोकाचे मानले जातात. युरोपीय मूळ असलेल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये या काळात लग्नं आणि संगीत टाळण्याची प्रथा आहे. इथे प्रश्न उपवासापेक्षा या तीन आठवड्यांचा असतो. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे शोक आदल्या संध्याकाळपासून धरायचा की पहाटेपासून, यावरही मतभेद आहेत. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी गरज असेल तर त्या रात्री लग्न लावायला परवानगी दिली होती.

एस्थरच्या उपवासाचं उलट आहे. तो शोकाचा नाही. संकटाआधी केलेल्या प्रार्थनेची ती आठवण आहे, आणि रात्र पडताच पुरीमचा जल्लोष सुरू होतो. त्यामुळे इथे सौम्य मत घेणं सोपं जातं.

वादक आणि संगीतशिक्षकांचं काय?

ज्याचं पोट संगीतावर आहे, त्याच्याकडे रब्बी वेगळ्या नजरेने पाहतात. मौजेसाठी ऐकणं आणि उपजीविकेसाठी वाजवणं यात फरक केला जातो. तीन आठवड्यांच्या सुरुवातीच्या काळातही अशा वादकांना सूट देणारी मतं आहेत.

महाराष्ट्राशी नातं

हे उपवास आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजालाही परके नाहीत. तिशा बआवला त्यांनी 'बिरड्याचा सण' असं खास मराठी नाव दिलं, तर योम किप्पूर झाला 'दरफाळणीचा सण'.

तेव्हा एखाद्या ज्यू मित्राने अशा दिवशी मैफलीचं आमंत्रण नाकारलं, तर वाईट वाटून घेऊ नका. आणि दुसऱ्याने हेडफोन लावलेला दिसला, तर तो धर्म मोडतोय असंही समजू नका. दोघांकडेही आपापल्या परंपरेचा आधार असू शकतो.