झाकणे आणि निवडणे

‘एन्व्हायर्न्मेंटल रेसिझम’ला मराठीत काय म्हणावे? बहुतेक अनुवादक ‘पर्यावरणीय वंशवाद’ लिहून पुढे जातात, काही ‘पर्यावरणीय वर्णद्वेष’ लिहितात. मला दुसरा पर्याय जवळचा वाटतो. यास्काने निरुक्तात ‘वर्ण’ हा शब्द ‘वृ’ या धातूपासून काढला आहे. वृ म्हणजे झाकणे, वेढणे. अंगावरचे आच्छादन, वरून दिसणारे रूप तो वर्ण, आणि त्यातूनच पुढे रंग. ‘आवरण’ हेही याच धातूचे. त्याला ‘परि’ लागले की सभोवतीचे आवरण, म्हणजे पर्यावरण. एकाच जोडशब्दात हा धातू असा दोनदा येतो, आणि ज्या गोष्टीला हे नाव दिले आहे तीही नेमकी तशीच आहे : माणसाच्या अंगावरचे आवरण पाहून त्याच्या भोवतीचे आवरण ठरवायचे.

संस्कृतात आणखी एक ‘वृ’ आहे. त्याचा अर्थ निवडणे, पसंत करणे. ‘वर’, ‘वरणे’, ‘स्वयंवर’ ही त्याची प्रजा. वैयाकरण हे दोन धातू वेगळे मानतात, त्यांची सरमिसळ करायचे कारण नाही. पण पुढची हकिकत सांगायला मला दोन्ही लागतील, कारण या अन्यायाच्या मुळाशी निवड आहे आणि ती निवड झाकण्याची धडपडही आहे.

1978 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रात्रीच्या अंधारात टँकर फिरत होते. ट्रान्सफॉर्मरमधले पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेले तेल ते रस्त्यांच्या कडेने चोरून सांडत गेले. सुमारे 240 मैलांचा पट्टा नासला. ती माती खरवडून कुठेतरी पुरणे सरकारला भाग होते, आणि त्यासाठी वॉरन काउंटीतले ॲफ्टन हे ठिकाण ठरले. तिथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची आणि गरिबांची. भूजल जमिनीपासून फार खोल नव्हते आणि लोक विहिरींचे पाणी पीत होते. विष पुरायला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती, तरी जागा हीच ठरली. सप्टेंबर 1982मध्ये मातीचे ट्रक येऊ लागले तेव्हा माणसे रस्त्यावर आडवी झोपली. काही आठवड्यांत पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. त्यांत वॉल्टर फॉन्ट्रॉय हे काँग्रेसचे सदस्य होते आणि युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे बेंजामिन चॅव्हिसही होते. ‘एन्व्हायर्न्मेंटल रेसिझम’ हा शब्दप्रयोग चॅव्हिस यांच्या नावावर आहे. तो विद्यापीठात घडलेला नाही, चळवळीच्या धुमश्चक्रीत घडला आहे.

लढा त्या वेळी हरला, माती तिथेच पुरली गेली. पण शब्द मागे राहिला आणि त्याने मोजणी सुरू करायला लावली. फॉन्ट्रॉय यांच्या मागणीवरून सरकारी हिशेब-तपासणी खात्याने आग्नेयेकडची आठ राज्ये पाहिली. 1983च्या त्या अहवालानुसार तिथल्या चार मोठ्या घातक-कचरा भूमींपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांत होत्या. 1987 साली चॅव्हिस यांच्या चर्चच्या आयोगाने देशभराचा अभ्यास छापला. अशा कचऱ्याच्या जागा कुठे येतात हे सांगणारा सर्वांत ठळक घटक उत्पन्न नसून वंश आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधीच, 1979मध्ये, ह्यूस्टनच्या एका वस्तीने कचराभूमीविरुद्ध दावा लावला होता. वकील होत्या लिंडा मॅकीव्हर बुलर्ड. पुरावा गोळा करायचे काम त्यांनी पतीकडे, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलर्ड यांच्याकडे दिले. शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी कृष्णवर्णीयांच्या मोहल्ल्यांत निघाल्या, आणि शहरात त्यांची लोकसंख्या होती साधारण एक चतुर्थांश. पाचपैकी पाच. अशा आकड्यापुढे योगायोग हा शब्द टिकत नाही. तरीही दावा हरला, कारण न्यायालयाला हेतूचा पुरावा हवा होता. निवड उघड्यावर पडली होती, निवडणाऱ्याचे मन मात्र झाकलेले राहिले.

आता ‘एन्व्हायर्न्मेंट’ शब्दाकडे वळू. जुन्या फ्रेंचमध्ये ‘व्हिराँ’ म्हणजे वर्तुळ, वेढा. त्यावरून भोवती असणे. इंग्रजीत या शब्दाला आजच्या अर्थाकडे नेण्याचे श्रेय टॉमस कार्लाइलला देतात. 1828 साली गटेविषयी लिहिताना एका जर्मन शब्दासाठी त्याने तो वापरला. आपला ‘पर्यावरण’ त्याहून पुष्कळ तरुण. संस्कृत वळणाचा असला तरी तो विसाव्या शतकात घडवलेला आहे. दोन्ही शब्दांच्या पोटात वर्तुळ आहे, आणि वर्तुळ म्हटले की मध्यबिंदू आला. भोवतीचे खरे, पण कोणाच्या भोवतीचे?

अमेरिकेतल्या जुन्या निसर्गप्रेमी संस्थांच्या वर्तुळाच्या मध्याशी रानावनात भटकणारा, सुखवस्तू गोरा माणूस होता. पर्यावरण म्हणजे अरण्ये, शिखरे, देवमासे. ऑक्टोबर 1991मध्ये वॉशिंग्टनला कृष्णवर्णीय, मूलनिवासी, लॅटिनो आणि आशियाई वंशाच्या कार्यकर्त्यांची मोठी परिषद भरली. तिने पर्यावरण न्यायाची 17 तत्त्वे मांडली. आपण जिथे राहतो, काम करतो आणि खेळतो ती जागा म्हणजे पर्यावरण, ही व्याख्याही तिथे जोरकसपणे पुढे आली. शब्द तोच ठेवून त्यांनी मध्यबिंदू हलवला. शब्दार्थांच्या इतिहासात इतकी जाणूनबुजून केलेली हालचाल क्वचितच दिसते.

या वर्तुळाचे सर्वांत नेमके नाव मात्र शिकागोतल्या एका गृहिणीने दिले आहे. हेझल जॉन्सन अल्टगेल्ड गार्डन्स या सरकारी वसाहतीत राहत. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी 1945 साली बांधलेली ही वसाहत. तिच्या चारी बाजूंना कचराभूमी, कारखाने आणि मैलापाण्याचे केंद्र. 1969मध्ये जॉन्सन यांचे पती फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. पुढे आपल्या भागात कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असल्याचे त्यांच्या कानावर आले, तेव्हा त्यांनी दारोदार फिरून शेजाऱ्यांच्या दुखण्यांची नोंद स्वतःच करायला घेतली. कोणाला दमा, कोणाला पुरळ, कोणाचे मूल अपुऱ्या दिवसांचे. आपल्या वसाहतीला त्यांनी नाव दिले ‘टॉक्सिक डोनट’, विषाचे कडे. मधल्या भोकात माणसे. ‘परि’ आणि ‘आवरण’ यांचा इतका अक्षरशः अर्थ कोणत्याही कोशकाराने दिलेला नाही. या बाईंना पुढे पर्यावरण न्यायाच्या चळवळीची आई म्हटले गेले, आणि तो मान त्यांनी घरोघरची दारे ठोठावून मिळवला होता.

‘रेस’ या शब्दावर फार रेंगाळत नाही. तो इटालियन ‘रात्सा’वरून आला. त्याच्या मुळाबद्दल वाद आहे, पण घोड्यांच्या पैदाशीच्या जुन्या फ्रेंच शब्दाशी त्याचे नाते जोडणारे मत मला पटते. आपल्या ‘वंशा’चा मूळ अर्थ कळक, बांबू. पेऱ्याला पेरे जोडत वाढतो म्हणून कुळ. कळकातून वाढीची कल्पना येते, घोड्यांच्या तबेल्यातून प्रतवारीची. म्हणूनही ‘वंशवाद’ हा अनुवाद मला मवाळ वाटतो.

शब्द मवाळ करण्याचा उद्योग अमेरिकेच्या सरकारनेही केला. पर्यावरण संरक्षण संस्थेने 1992मध्ये या प्रश्नासाठी कार्यालय काढले आणि त्याच्या नावात शब्द घातला ‘इक्विटी’, म्हणजे समन्याय. वरवर पाहता चांगला शब्द. चळवळीतल्या लोकांची हरकत अशी की, सम वाटणीने विष वाटून घ्यायला आम्ही रस्त्यावर झोपलो नव्हतो. ते कोणाच्याच दारात नको. 1994मध्ये कार्यालयाच्या नावात ‘जस्टिस’ आला, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरण न्यायाचा आदेश काढला. तो जानेवारी 2025मध्ये ट्रम्प यांनी रद्द केला. सरकारी कागदावरून शब्द काढण्यात सत्तेला एवढा रस असतो, यावरून त्याचे वजन ओळखावे.

आपल्याकडे ‘वर्णद्वेष’ हा शब्द वापरताना मात्र एक अडचण येते. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले ते चातुर्वर्ण्याच्याही बाहेरचे, अवर्ण. त्यांच्या वाट्याला नदीच्या खालच्या अंगाचा पाणवठा. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. ते तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता. तरी नंतर सनातन्यांनी ते पंचगव्य ओतून ‘शुद्ध’ केले. पाणी, हवा, जमीन कोणाची हा प्रश्न अमेरिकेतल्या या चळवळीच्या कितीतरी आधी मराठी मुलखात विचारला गेला होता. आपण त्याची नोंद सामाजिक समतेच्या खात्यात केली आणि पर्यावरणाचे खाते वेगळे ठेवले. मुकुल शर्मा यांनी जात आणि निसर्ग यांवरच्या 2017च्या पुस्तकात ही खाती एकत्र आणली. माझ्या मते ते फार मोलाचे काम आहे. 1972 साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सवरून घेतले. नावाची देवघेव तेव्हाच झाली होती, कचऱ्याच्या जागांची तुलना राहून गेली.

ती करायला मुंबईत देवनारपर्यंत गेले तरी पुरे. जवळपास शंभर वर्षे शहराचा कचरा तिथे पडतो आहे आणि शेजारी गोवंडीत, शिवाजीनगरात दलित, मुस्लिम, विस्थापित माणसे दाटीने राहतात. जानेवारी 2016मध्ये कचऱ्याचा डोंगर पेटला तेव्हा धूर शहरभर पसरला आणि एरवी त्या दिशेला न पाहणाऱ्यांनीही नाक धरले. या वस्तीला ‘पर्यावरणीय वर्णद्वेषा’चे बळी म्हणणे अपुरे आहे आणि ‘जातिभेदा’चे म्हणणेही, तिथे जात, धर्म आणि बेघरपण एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून अमेरिकेविषयी लिहिताना मी ‘पर्यावरणीय वर्णद्वेष’ लिहीन, महाडविषयी ‘अस्पृश्यता’ हाच जुना, स्वच्छ शब्द ठेवीन. आणि देवनारविषयी लिहिताना नामापेक्षा क्रियापदाकडे लक्ष देईन. ‘कचरा टाकला जातो’, ‘वस्ती वसली’, ‘जागा निश्चित झाली’ असे आपण सहज लिहितो, आणि या प्रत्येक वाक्यात करणारा झाकला जातो. कोणी ठरवले, कोणत्या सभेत, कोणत्या साली, कोणाला न विचारता, एवढे त्या वाक्यात आले पाहिजे.