मुखवटे व वस्त्रे, आफ्रिकी

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील अनेक समाजांत अंत्यविधी, दीक्षा, न्यायनिवाडा आणि निव्वळ करमणूक यांसाठी सोंगे नाचवली जातात. त्या सोंगांचे लाकडी मुखवटे, त्यांचा पेहराव आणि त्याच समाजांत मानाने नेसली जाणारी कापडे यांचा विचार या नोंदीत केला आहे. सबंध खंडाला लागू पडेल अशी एकच परंपरा नाही. पूर्वेकडच्या मासाई पशुपालकांत लाकडी मुखवटा घालण्याची चाल नाही, तरीही नैरोबीच्या बाजारात ‘मासाई मुखवटे’ हवे तितके मिळतात. केनियातला हा लाकूडकोरीव धंदा मुख्यतः अकांबा कारागिरांनी पहिल्या महायुद्धानंतर उभा केला आणि तो आरंभापासूनच परक्या गिऱ्हाइकांसाठी होता. म्हणून तो खोटा ठरत नाही. फक्त त्याला चिकटवलेले नाव खोटे आहे. मुखवटा ही एक वस्तू आणि वस्त्र ही दुसरी, ही विभागणी संग्रहालयांनी आणि लिलावगृहांनी रूढ केली. सोंग नाचवणाऱ्यांच्या लेखी ती नसते. खरेदी करताना होणाऱ्या बहुतेक गफलती याच तोडातोडीतून निघतात, असे येथे प्रतिपादन आहे.

या तोडातोडीचा पुरावा लाकडातच सापडतो. संग्रहालयातील मुखवट्यांच्या कडेने पुष्कळदा बारीक भोकांची ओळ दिसते. ती पेहराव बांधण्यासाठी असते. ताडाच्या पानांचा राफिया धागा, कापड, दोर यांची झूल त्या भोकांतून ओवली जाई आणि नाचणाऱ्याचे अंग तिच्याखाली झाकले जाई. सिएरा लिओन व लायबेरिया भागातील मेंडे व शेजारच्या समाजांत सांडे ही स्त्रियांची संस्था मुलींना दीक्षा देते. तिचा सोवेई मुखवटा पुरुष कारागीर कोरतो, पण चढवते स्त्री. लाकडी मुखवटे स्त्रियांनीच घालण्याची अशी उदाहरणे आफ्रिकेत फार थोडी आहेत. उंच कपाळ, मिटलेले लहान तोंड, मानेवरच्या वळ्या, कष्टाने घातलेली केशरचना आणि काळीभोर तकाकी यांतून स्त्रीच्या संयमाचा व सौंदर्याचा आदर्श उभा राहतो. पण संग्रहालयाच्या काचेआड हे शिर एकटेच असते. नाचात त्याच्याखाली काळ्या रंगवलेल्या राफियाची दाट झूल असते आणि कातडीचा तुकडाही दिसू नये अशी दक्षता घेतलेली असते, कारण कातडी दिसली तर ती शेजारची ओळखीची बाई ठरते, मुखवट्यातून प्रकटणारी, पाण्यातून वर आलेली शक्ती ठरत नाही.

नायजेरिया, बेनिन व टोगो येथील योरुबाभाषकांच्या गेलेडे सोहळ्यात हे आणखी स्पष्ट होते. ‘आपल्या माता’, म्हणजे वयस्क स्त्रियांची गूढ शक्ती, हिचा मान राखण्यासाठी व तिला प्रसन्न ठेवण्यासाठी हा सोहळा असतो. सोंगे मात्र पुरुष घेतात. मुखवटा चेहऱ्यावर नव्हे तर डोक्यावर टोपीसारखा बसतो, आणि नाचणारा त्याखालच्या कापडातून पाहतो. चेहरा झाकण्याचे मूळ कामच येथे कापडाकडे आहे. त्याच्या अंगावर गावातल्या बायकांची डोक्याला बांधायची वस्त्रे आणि मूल पाठीशी बांधायचे पट्टे थरावर थर चढवलेले असतात. ही वस्त्रे बहुधा उसनी आणलेली असतात आणि सोहळ्यानंतर जिची तिला परत जातात. म्हणजे जिचा मान राखायचा तिचेच कापड अंगावर घेऊन नाचायचे. लाकूड विकत घेणाऱ्याच्या हाती हा अर्थ लागणे शक्य नाही, कारण अर्थ ज्यात होता ते कधी विकायला निघालेच नव्हते. योरुबांचेच एगुंगुन हे पितरांचे सोंग तर बहुतेक वेळा लाकडाशिवायच पुरे होते. ते कापडाच्या लोंबत्या पट्ट्यांचे असते, घराण्यातले लोक त्यावर वेळोवेळी नवे कापड जोडतात आणि नाचणारा गिरकी घेऊ लागला की पट्ट्यांचे चाक फिरते. ब्रुकलिन संग्रहालयात असलेल्या अशा एका पेहरावात ३०० हून अधिक कापडे असून ती आफ्रिका, युरोप व आशिया येथून आलेली आहेत. याला मुखवटा म्हणायचे की वस्त्र, हा प्रश्न फक्त नोंदवही ठेवणाऱ्याला पडतो.

यावर एक सरळ आक्षेप आहे. लाकूड टिकते, कापड व पानांचा धागा उष्ण दमट हवेत कुजतो, त्याला वाळवी लागते. मग शिर उरले आणि धड गेले यात संग्राहकाचा दोष काय? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. काँगो राज्यातील राफिया विणकामाचे १७ व्या शतकात युरोपात पोहोचलेले नमुने तिथल्या संग्रहांत आजही आहेत. ज्याला जपायचे ठरवले ते जपले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील चित्रकारांना व दलालांना ओढ होती ती घडीव आकाराची. पिकासोने १९०७ मध्ये त्रोकादेरोचे मानववंश संग्रहालय पाहिले, ही गोष्ट कलेतिहासात वारंवार सांगितली जाते. त्या पिढीने लाकडी चेहऱ्याकडे शिल्प म्हणून पाहिले आणि शिल्पाला झूल अडचणीची होती. हे पाहणे निष्फळ नव्हते, आधुनिक चित्रकला घडण्यात त्याचा वाटा होता. परंतु कलावंताच्या नजरेला जे उपयोगी पडले तेच बाजाराने वस्तूचे पूर्ण रूप म्हणून विकायला घेतले.

तोड एकदा मान्य झाली की किंमत कशावर ठरायची हा प्रश्न येतो. बाजाराने त्याचे उत्तर जुनेपणात आणि ‘वापरलेला’ असण्यात शोधले. सोंगासाठी कोरलेला, घामाने आतून काळवंडलेला, परकीय खरेदीदार येण्यापूर्वीचा मुखवटा तेवढा अस्सल, बाकी पर्यटकांसाठीचा माल. ही कसोटी शास्त्रीय भासते, पण ती मोडणे सोपे आहे. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर स्टायनर यांनी कोत दिव्वारमधील कलावस्तूंच्या व्यापाराचा अभ्यास करून १९९४ मध्ये पुस्तक लिहिले. खरेदीदाराला जे पाहायचे आहे तेच दाखवण्यात तिथले व्यापारी किती तरबेज आहेत हे त्यात दिसते. धूर, माती, तेल आणि घासकाम यांनी नव्या लाकडावर जुनी झाक चढते. कडेची भोकेही पाडता येतात. शिवाय या कसोटीचा एक परिणाम क्वचितच बोलला जातो: करणारा अनाम राहिला तरच वस्तू जुनी वाटते, म्हणून कारागिराचे नाव सांगणे विक्रेत्याला तोट्याचे ठरते. गावात मात्र चांगल्या कोरणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत माहीत असते आणि मुखवटा त्याच्याकडून सांगून करवून घेतला जातो.

वस्तू जितकी समाजापासून तुटलेली तितकी महाग, हे गॅबनमधील फांग लोकांच्या एका न्गिल मुखवट्याच्या प्रकरणात उघड झाले. न्गिल ही अपराध्यांना हुडकून शासन करणारी संस्था होती. पांढऱ्या मातीने माखलेला लांबट चेहरा रात्री मशालीच्या उजेडात दिसला की गाव थिजे. वसाहतीच्या सत्तेने ती दडपली. त्या काळी एका फ्रेंच वसाहती अधिकाऱ्याने आणलेला मुखवटा त्याच्या वारसांनी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला १५० युरोंना विकला. मार्च २०२२ मध्ये माँपेलिये येथील लिलावात त्याला ४२ लाख युरो आले. वारसांनी फसवणुकीचा दावा लावला, गॅबन सरकारने वस्तूच परत मागितली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आलेसच्या न्यायालयाने दोघांचेही म्हणणे फेटाळले. दीडशे आणि बेचाळीस लाख यांमधल्या फरकावर फ्रान्समध्ये खूप चर्चा झाली. तो मुखवटा अधिकाऱ्याच्या हाती कसा आला, हा प्रश्न त्यामानाने मागेच पडला. अशा संपादनाचे लेखी दाखलेही आहेत. १९३१ ते १९३३ च्या फ्रेंच डाकार-जिबूती मोहिमेचा सचिव मिशेल लेरीस याने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोजनिशीत आजच्या माली देशातील गावांतून पूज्य वस्तू धाकदपटशाने आणि नाममात्र पैसे टाकून कशा उचलल्या हे स्वतःच लिहून ठेवले आहे.

तरी प्रत्येक जुना मुखवटा लुटीचाच, असे म्हणणे चुकीचे ठरेल, आणि येथे दुसऱ्या बाजूचा आक्षेप ऐकावा लागतो. अनेक समाज लाकडाला चिरंतन मानत नाहीत. मलावी, झांबिया व मोझांबिक येथील चेवा लोकांच्या गुले वामकुलु या मुखवट्यांच्या नाचात नवी पात्रे सतत येतात. वसाहतीच्या साहेबाचीही तिथे टिंगल झाली आहे. गेलेडेच्या डोक्यावर मोटारसायकल आणि शिवणयंत्रेही कोरलेली आढळतात. कोत दिव्वारच्या गुरो लोकांचा झाउली नाच १९५० च्या दशकात सुरू झाला असे सांगितले जाते, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. फुटलेला, वाळवी लागलेला मुखवटा बाद होतो, नवा होतो. बाद झालेला मालकाने राजीखुशीने विकला तर त्यात गैर काही नाही. लाकूड जुने असण्यापेक्षा ते नाचवण्याचा हक्क कोणाचा, याला तिथे महत्त्व असते. यातून जुनेपणाची कसोटी आणखीच दुबळी होते: कारागिराने गेल्या वर्षी कोरलेला झाउली मुखवटा त्या परंपरेचा खरा अंश आहे आणि शंभर वर्षांपूर्वी धाकाने उचललेला मुखवटा त्या परंपरेतले खिंडार आहे.

वस्त्रांच्या बाबतीत हीच चूक उलट्या अंगाने होते. मुखवट्यात लोक जुने शोधतात, कापडात ‘शुद्ध’ शोधतात. घानातील असांटे व एवे विणकरांचे केंटे हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. सुमारे १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या अरुंद मागावर विणून त्या शेजारी-शेजारी शिवतात, आणि पुरुष ते भारदस्त वस्त्र उजवा खांदा उघडा ठेवून अंगावर घेतात. कुमासीजवळचे बोन्वीरे हे त्याचे नामांकित गाव. पण १८ व्या शतकात असांटे दरबारासाठीचे झगमगते केंटे विणताना आयात रेशमी कापड उसवून त्याचा धागा घेतला जाई. परका धागा, देशी विणकाम. अर्थही स्थिर नाही. राष्ट्राध्यक्ष क्वामे न्क्रुमा यांच्या इजिप्शियन पत्नी फातिया यांचे नाव एका नक्षीला दिले होते. १९६६ च्या लष्करी उठावात न्क्रुमा पदच्युत झाल्यावर तीच नक्षी ‘राज्य एकट्याने चालत नाही’ अशा आशयाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. विणकराच्या हातात राजकारणावर शेरा मारण्याचे हे साधन होते.

परक्या मालाचा हिशेब मांडला तर त्यात भारत अपरिहार्यपणे येतो. नायजर नदीच्या मुखाजवळच्या कालाबारी स्त्रिया मद्रासच्या चौकडीच्या सुती कापडातले निवडक धागे पात्याने कापून ओढून काढतात आणि चौकडीतून नवीच नक्षी उमटवतात. हे ‘पेलेते बिते’ त्यांच्याकडे अंत्यविधीच्या सजावटीपर्यंत पोचलेले मानाचे वस्त्र आहे. पूर्व किनाऱ्यावर झांझिबारच्या बाजारात अमेरिकेचे मांजरपाट चाले. १९ व्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांच्या मालाने ते मागे सारले. पूर्व आफ्रिकेत बायका वापरतात त्या कांगा आणि किटेंगे या कापडांची छपाई सौराष्ट्रातील जेतपूरमध्येही होते. पश्चिमेकडच्या बाजारपेठांत ‘आफ्रिकी’ म्हणून ओळखले जाणारे मेणछाप कापड जावाच्या बाटिकची यंत्राने नक्कल करण्याच्या डच उद्योगातून आले. हेल्मंडची व्हिलिस्को ही त्यातली नामवंत कंपनी १८४६ पासूनची. मग हे आफ्रिकी कसे, असा प्रश्न निघतो. ते तसे झाले खरेदीदारांमुळे. टोगोतील लोमेच्या ‘नाना बेंझ’ म्हणून गाजलेल्या व्यापारी स्त्रियांसारख्यांनी कोणती नक्षी चालेल ते ठरवले, नक्ष्यांना संसारातली, सवतीमत्सरातली, चढाओढीतली नावे दिली, आणि ते कापड नेसणे हे बोलण्यासारखेच झाले. उगम कोठचा यापेक्षा अर्थ कोण देतो हे येथे निर्णायक आहे, जसे गेलेडेत लाकडापेक्षा उसने वस्त्र.

खरेदीचा विचार या सगळ्यातून निराळा होतो. जुन्या वस्तूबद्दल पहिला प्रश्न वयाचा नसून प्रवासाचा असावा: ती कोणाकडून, कोणत्या वर्षी, कोणत्या कागदावर बाहेर आली. युनेस्कोच्या १९७० च्या करारानंतर बेकायदा निर्यात झालेल्या सांस्कृतिक वस्तूंवर परत मागण्याचा दावा लावता येतो, आणि नायजेरियातून मुखवटा बाहेर काढायला तिथल्या राष्ट्रीय संग्रहालय व स्मारक आयोगाची परवानगी लागते. हस्तिदंताच्या कोणत्याही वस्तूपासून भारतीय खरेदीदाराने दूर राहावे. जुनी कागदपत्रे नसलेली ‘विधीत वापरलेली’ वस्तू स्वस्तात मिळत असेल, तर ती बहुधा नवी आहे. खरोखर जुनी असेल तर प्रश्न अधिक अवघड. नव्या कामात हा गुंता नाही. कुमासीजवळच्या अहवियात लाकूड कोरणारे, न्तोन्सोत भोपळ्याच्या कवचाचे ठसे करून आडिंक्रा नक्षीचे कापड छापणारे, बोन्वीरेत माग चालवणारे आपल्या नावाने काम विकतात आणि सांगून करवूनही घेता येते. दराची घासाघीस त्या बाजारांत रूढ आहे. पण अनेक आठवड्यांच्या विणकामाची आणि छापील नकलेची किंमत एकाच तागडीत घालणे म्हणजे विणकराला मागावरून उठवणे होय.

यावर शेवटचा आक्षेप व्यापाऱ्यांचा असतो, आणि तो वजनदार आहे: केंटेचे चित्र छापलेले स्वस्त कापड नसते, तर सामान्य घानाई माणसाला रोजच्या वापरासाठी ती नक्षी मिळालीच नसती. खरे आहे, आणि स्वतःच्या देशात ते छापील कापड नेसणाऱ्याला कोणी अडवत नाही. गाऱ्हाणे आहे ते छापील मालाला ‘हातमागाचे अस्सल’ म्हणून विकण्याविरुद्ध. घानाच्या २००५ च्या स्वामित्वहक्क कायद्याने केंटे व आडिंक्रासारख्या लोकनक्ष्यांवरचा हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे सोपवला आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने केंटेच्या विणकामाची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. देशाबाहेरच्या छपाई कारखान्यावर पहिल्याचा अंमल चालत नाही, आणि दुसऱ्याला दंडाची तरतूद नाही.