सनदी शाळेत नंबर लागला. आता हो म्हणायचे की नाही?

- प्रतिनिधी

अमेरिकेतील अनेक शहरांत मार्च-एप्रिल हा शाळांच्या सोडतीचा मोसम असतो. आपल्याकडे म्हाडाच्या घरांची सोडत निघते, त्याच धर्तीवर तेथे ‘चार्टर स्कूल’ या प्रकारच्या शाळांतील जागांसाठी नावे काढली जातात. ज्या मुलाचा नंबर लागतो, त्याच्या पालकांना शाळेकडून ई-मेल किंवा दूरध्वनी येतो आणि ठराविक मुदतीत होकार अथवा नकार कळवावा लागतो. मुदत टळली की जागा प्रतीक्षा यादीतील पुढच्या मुलाकडे जाते. अर्ज करताना फारसा विचार केलेला नसतो. कारण नंबर लागेलच याची खात्री नसते. खरा विचार सुरू होतो तो नंबर लागल्यावर, आणि तेव्हा हाताशी जेमतेम काही दिवस उरलेले असतात.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया, नॉर्थ कॅरोलिना आदी राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हा प्रश्न येतो. पुण्या-मुंबईतील आजी-आजोबांना मात्र ‘चार्टर’ म्हणजे सरकारी की खासगी, येथपासून उलगडा होत नाही. म्हणूनच ही शाळा नेमकी काय आहे, तेथील जागा स्वीकारताना वा नाकारताना पालक कशाचा विचार करतात आणि कशाचा करायला हवा, याचा हा आढावा.

सनद कशाची?

चार्टर म्हणजे सनद. ही शाळा सरकारी पैशावर चालते, तेथे शिकवणी शुल्क नसते आणि प्रवेशासाठी गुणवत्तेची चाळणी लावता येत नाही. मात्र ती चालवणारे मंडळ स्थानिक शिक्षण प्रशासनापासून स्वतंत्र असते. अभ्यासक्रमाची मांडणी, शाळेचे तास, शिक्षकांची नेमणूक यांत या मंडळाला मोकळीक मिळते. त्या बदल्यात ठरलेल्या मुदतीत निकाल दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ही मुदत राज्याराज्यांत वेगळी आहे. न्यूयॉर्कमध्ये सनद कमाल पाच वर्षांची, न्यू जर्सीत सुरुवातीला चार वर्षांची, तर ॲरिझोनात तब्बल पंधरा वर्षांची असते. निकाल समाधानकारक नसला किंवा पैशांचा हिशेब लागला नाही, तर सनदेचे नूतनीकरण होत नाही आणि शाळा बंद होते.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्राध्यापक रे बडी यांनी ही कल्पना प्रथम मांडली. १९८८ मध्ये शिक्षकांच्या मोठ्या संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी तिला प्रसिद्धी मिळवून दिली. शिक्षकांनीच नवे प्रयोग करावेत, असा शँकर यांचा हेतू होता. पुढे या शाळांतील बहुसंख्य शिक्षक संघटनेबाहेरचे असल्याने शिक्षक संघटनाच त्यांच्या टीकाकार बनल्या, हा इतिहासाचा एक विरोधाभास. पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात ‘सिटी अकॅडमी’ ही पहिली सनदी शाळा सुरू झाली. आज नेब्रास्का, साउथ डकोटा, व्हर्मांट अशा मोजक्या राज्यांचा अपवाद वगळता देशभर असे कायदे आहेत. २०२१ च्या सुमारास सुमारे ३७ लाख मुले, म्हणजे सरकारी शाळांतील दर शंभरामागे सात, सनदी शाळांत शिकत होती. न्यू ऑर्लिन्स शहरात तर २००५ च्या कॅटरिना वादळानंतर जवळपास सर्वच सरकारी शाळा सनदी झाल्या.

सोडत कशी निघते?

जागांपेक्षा अर्ज अधिक आले की सोडत काढावी लागते. आधीच त्या शाळेत असलेल्या मुलांची भावंडे, परिसरातील रहिवासी अशांना बहुतेक ठिकाणी अग्रक्रम मिळतो. म्हणूनच धाकट्या भावंडाचा प्रवेश हा मोठ्या मुलाच्या निर्णयातच दडलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये साधारणतः १ एप्रिलपर्यंत अर्ज घेऊन त्यानंतर सोडती काढल्या जातात. वॉशिंग्टन शहरात सनदी आणि नेहमीच्या सरकारी शाळांची एकत्रित सोडत निघते. पालक कमाल बारा शाळा पसंतीक्रमाने लिहितात आणि त्यातील एकच शाळा मिळते. मिळालेल्या शाळेत नाव घातले तरी वरच्या पसंतीच्या शाळांच्या प्रतीक्षा यादीतील क्रमांक कायम राहतो. जेथे अशी एकत्रित व्यवस्था नाही, तेथे प्रत्येक शाळेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. एकाच मुलाला दोन-तीन ठिकाणी जागा मिळते, तर दुसऱ्याला एकही नाही. पहिल्या मुलाच्या पालकांनी नको असलेल्या जागा वेळेवर सोडल्या की प्रतीक्षा यादी सरकते. उन्हाळाभर, कधी शाळा सुरू झाल्यावरही ती सरकत राहते.

महाराष्ट्रातील पालकांना हे चित्र अगदीच अनोळखी वाटू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी येथेही सोडत निघते आणि मुदतीत प्रवेश निश्चित न केल्यास जागा हातची जाते. फरक इतकाच, की येथे सरकार खासगी शाळेतील जागेचे पैसे भरते, तर तेथे शाळाच सरकारी खर्चाची असते आणि उत्पन्नाची अट सर्वसाधारणपणे नसते. व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबाच्या मुलालाही तेथे अर्ज करता येतो. सरकारी शाळेची दारे स्थलांतराच्या कागदपत्रांवरून बंद करता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच दिला आहे.

आकडे काय सांगतात?

‘सनदी शाळा चांगल्या की वाईट?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. मात्र सर्वांना लागू पडेल असे उत्तर त्याला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘क्रेडो’ या केंद्राच्या २००९ च्या अहवालात गणितात १७ टक्के सनदी शाळा शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के कमी आणि उरलेल्या सारख्याच आढळल्या होत्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चित्र पालटलेले दिसते. सनदी शाळांतील मुलांची वर्षभरातील प्रगती वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या जादा शिक्षणाइतकी असल्याचे त्यात म्हटले आहे. मात्र केवळ इंटरनेटवरून चालणाऱ्या सनदी शाळांतील मुले वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवसांनी मागे होती. एकाच नावाखाली इतकी तफावत असेल, तर सरासरीवर विसंबून आपल्या मुलाचा निर्णय घेता येत नाही.

याहून उपयोगी ठरतात ते सोडतीवरच आधारलेले अभ्यास. अर्ज करणारे सर्वच पालक जागरूक असतात. त्यातील कोणाचा नंबर लागला हा केवळ नशिबाचा भाग. त्यामुळे नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली की शाळेचा खरा परिणाम दिसतो. बोस्टनमधील अशा अभ्यासात नंबर लागलेल्या मुलांची गणितातील प्रगती ठळकपणे अधिक दिसली. परंतु त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातील शहराबाहेरच्या सनदी शाळांत तसा लाभ आढळला नाही. केंद्र सरकारसाठी २०१० मध्ये झालेल्या, १५ राज्यांतील ३६ माध्यमिक सनदी शाळांच्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. सरासरी परिणाम शून्याच्या आसपास होता. गरीब घरांतील मुलांना गणितात फायदा झाला, तर सुस्थितीतील मुलांना उलट तोटा. पालकांचे समाधान मात्र नंबर लागलेल्यांच्या घरांत अधिक होते.

याचा अर्थ सरळ आहे. मुलाला काय मिळणार हे सनदी शाळेइतकेच, तो जी शाळा सोडणार तिच्यावर अवलंबून असते. वस्तीतील सरकारी शाळा दुबळी असेल तर सनदी शाळेची जागा आयुष्य बदलू शकते. न्यू जर्सीतील एखाद्या उपनगरात केवळ चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टसाठी चढे भाडे मोजून घर घेतलेल्या कुटुंबाने मात्र, सोडतीत नाव आले एवढ्यावरून जवळची उत्तम शाळा सोडण्याआधी दोनदा विचार करावा.

होकाराची आणि नकाराची कारणे

पालक होकार देतात त्याची कारणे बहुधा स्पष्ट असतात: शिस्त, अभ्यासाचा जादा वेळ, सुरक्षित वातावरण किंवा विशिष्ट भर. १९९४ मध्ये ह्यूस्टनमध्ये सुरू झालेल्या ‘किप’ शाळांनी दीर्घ शालेय दिवस आणि काटेकोर शिस्त यांचा पायंडा पाडला. १९९८ मध्ये ॲरिझोनातील टुसॉन येथे सुरू झालेल्या ‘बेसिस’ शाळांनी अवघड अभ्यासक्रमावर नाव कमावले. दुसऱ्या भाषेत शिकवणाऱ्या, कला किंवा विज्ञानाला वाहिलेल्या सनदी शाळाही आहेत.

नकाराची कारणे मात्र अनेकदा शिक्षणाबाहेरची असतात आणि ती कमी लेखू नयेत. पहिले कारण अंतर. अनेक सनदी शाळांना बस नसते. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात रोजची ने-आण कोण करणार, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात घराचे वेळापत्रक विस्कटून टाकतो. दुसरे कारण मैत्री. गल्लीतील मुले एका शाळेत आणि आपले मूल दुसऱ्या, असे झाले की संध्याकाळी खेळायला सोबती उरत नाहीत. तिसरे कारण शिस्तीचे स्वरूप. एखादे मूल कडक शिस्तीत खुलते, तर दुसरे कोमेजते. या टीकेची दखल शाळांनाही घ्यावी लागली. ‘किप’ने आपले ‘कष्ट करा, चांगले वागा’ या अर्थाचे जुने ब्रीदवाक्य २०२० मध्ये सोडून दिले. चौथे कारण विशेष गरजा असलेल्या मुलांचे. कायद्याने सनदी शाळेलाही अशा मुलाला नाकारता येत नाही. पण लहान शाळेत वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक प्रत्यक्ष उपलब्ध असतीलच असे नाही.

स्थैर्याचा मुद्दाही आहे. ओहायोतील ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ ही इंटरनेटवरील मोठी सनदी शाळा जानेवारी २०१८ मध्ये, ऐन शैक्षणिक वर्षात बंद झाली आणि सुमारे १२ हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. सगळ्याच शाळांची अशी गत होत नाही. तरीही सनद कधी संपते आणि मागील नूतनीकरणाच्या वेळी कोणत्या अटी घातल्या गेल्या, हे पाहणे म्हणजे घर घेताना सातबारा पाहण्यासारखे आहे.

परतीची वाट

निर्णयाच्या घाईत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दोन्ही पर्यायांतून मागे फिरण्याची वाट सारखी नसते. सनदी शाळा पटली नाही, तर राहत्या भागातील सरकारी यंत्रणेला मुलाला कोठे तरी प्रवेश द्यावाच लागतो. तो त्याचा हक्क आहे. अगदी जवळची शाळा भरलेली असेल तर दुसरी मिळेल, एवढाच धोका. उलट, सनदी शाळेची जागा एकदा नाकारली की पुढच्या वर्षी पुन्हा सोडतीच्या रांगेत उभे राहावे लागते. काही संस्था तर ठराविक इयत्तेनंतर रिकाम्या जागाही भरत नाहीत. म्हणजे किंडरगार्टनमध्ये दिलेला नकार पुढे कायमचा ठरू शकतो.

या फरकामुळे अनेक पालक ‘आधी घेऊन तर ठेवू’ असे म्हणतात. व्यवहाराच्या दृष्टीने ते चूक नाही. पण परतीचा हक्क कागदावर सोपा असला, तरी सहा वर्षांच्या मुलाला वर्षभरात दोनदा नवे शिक्षक आणि नवे मित्र जोडावे लागणे सोपे नसते. शिवाय एखाद्या निवडक सरकारी कार्यक्रमातील जागा सोडून सनदी शाळेत गेल्यास ती जागा परत मिळतेच असे नाही.

होकार कळवण्यापूर्वी

- शाळा चालू असताना एकदा प्रत्यक्ष जाऊन वर्ग पाहावा. त्याच दिवशी वस्तीतील सरकारी शाळाही पाहावी. तुलना या दोन शाळांचीच आहे.
- होकाराची अंतिम तारीख, आणि होकारानंतर दुसरीकडील जागा आपोआप रद्द होते का, हे लेखी विचारावे.
- गेल्या वर्षी किती मुले आणि किती शिक्षक शाळा सोडून गेले, हे विचारावे. टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच.
- बस, गणवेश, मधल्या वेळचे जेवण आणि शाळा सुटल्यानंतरची देखभाल यांचा खर्च मांडावा.
- सनद कोणी दिली, कधी संपते, शाळेचे व्यवस्थापन कोणाकडे आहे, हे पाहावे. नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवस्थापन कंपन्यांना कॅलिफोर्नियाने २०१९ पासून मनाई केली आहे. सर्व राज्यांत तशी मनाई नाही.
- नोकरी किंवा व्हिसामुळे घर बदलण्याची शक्यता असेल, तर पत्ता बदलल्यावर प्रवेश टिकतो का, हे आधीच विचारावे.
- नकार द्यायचा ठरला, तर तो तत्काळ कळवावा. प्रतीक्षा यादीतील एक घर त्या निरोपाची वाट पाहत असते.

सोडतीत नाव निघाले की काहीतरी जिंकल्याची भावना होते आणि जिंकलेली वस्तू सोडवत नाही. पण नशिबाने जागा दिली म्हणजे शाळा योग्य आहे असे ठरत नाही, आणि नंबर लागला नाही म्हणून मुलाचे भवितव्य बिघडतही नाही. सनदी शाळांवर अमेरिकेत राजकीय वाद चालूच राहतील. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी त्यांची संख्या वाढवण्याचा प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला होता. पालकांना मात्र त्या वादाचा निकाल लावायचा नसतो. त्यांच्यापुढे दोन शाळा असतात आणि एक मूल. त्या मुलाला सकाळी कोणत्या दारातून आत जाताना कमी भीती वाटेल आणि संध्याकाळी कोठून ते अधिक शिकून परतेल, एवढेच त्यांना पारखायचे असते.