अशोकांची 'वचिगुती'

राज्याभिषेकास १२ वर्षे झाली असता सम्राट अशोकांनी बिहारमधील बराबर टेकडीतील दोन गुंफा आजीवकांना दान दिल्या. अशोक स्वतः बौद्ध उपासक. आजीवक मात्र नियतिवादी. मनुष्याच्या प्रयत्नाला फळ नाही, या त्यांच्या मताचे भगवान बुद्धांनी कठोर खंडन केले होते. म्हणूनच हे दान अर्थपूर्ण ठरते.

त्यामागील तत्त्व अशोकांच्या १२ व्या शिलालेखात आढळते. सर्व 'पासंडां'च्या, म्हणजे संप्रदायांच्या, साराची वृद्धी व्हावी आणि तिचे मूळ 'वचिगुती', म्हणजे वाणीचा संयम, असे गिरनारची प्रत सांगते. अप्रसंगी परनिंदा नसावी. प्रसंग आलाच तर टीका सौम्य असावी. परसंप्रदायाची निंदा करणारा स्वसंप्रदायाचीच हानी करतो.

येथे चिकित्सेला बंदी नाही, हे ध्यानात घ्यावे. नालंदा येथे निगंठांचा उपासक उपाली याचे मत बुद्धांनी खोडून काढले. परंतु तो शरण आल्यावर, निगंठांना पूर्वीप्रमाणेच भिक्षा द्यावी, असेही त्याला सांगितले. मताची चिकित्सा आणि माणसाची अवहेलना या भिन्न गोष्टी होत.

बराबरच्या लेखांतील 'आजीवक' हे नाव पुढे कोणी छिन्नीने खोडू पाहिले. अशोकांचा मार्ग कोणता आणि छिन्नीचा कोणता, हे धम्मबांधवांनी ओळखावे.