काडतूस अडकतं कुठे? एका कड्याची आणि एका नसलेल्या हँडलची गोष्ट

दिवसभर कोडमधले बग शोधतो ना, त्यामुळे इतिहास वाचतानाही माझा पहिला प्रश्न असतो, 'हे बंद का पडायचं?' आजची गोष्ट त्यातलीच.

१९०० साली अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगला सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचं पेटंट मिळालं. त्याला रॉयल्टी हवी होती, विंचेस्टर कंपनी नाही म्हणाली. मग तो रेमिंग्टनकडे गेला. १९०२च्या जानेवारीत तो ऑफिसात वाट बघत बसलेला असतानाच तिथले अध्यक्ष हार्टली वारले! शेवटी बंदूक बनली बेल्जियममध्ये, एफएन कारखान्यात. हीच पुढे ऑटो-५ म्हणून गाजली.

आता गंमत बघा. गोळी सुटली की धक्क्याने नळी आणि बोल्ट दोन्ही एकत्र मागे जातात. आधी नळी पुढे येते, रिकामी पुंगळी बाहेर पडते, मग बोल्ट नवीन काडतूस घेऊन पुढे येतो. पण काडतूस हलकं असेल तर धक्का कमी, जड असेल तर जास्त. यावर ब्राउनिंगचा उपाय म्हणजे घर्षणाचं एक कडं. जड काडतुसांसाठी ते स्प्रिंगच्या पुढे लावायचं, हलक्यांसाठी मागे.

म्हणजे बंदूक अडकली की लगेच 'बंदूक खराब' म्हणायचं नाही. जड सेटिंगवर हलकं काडतूस टाकलं, तर नळी पूर्ण मागे जातच नाही आणि पुंगळी अडकते. उलट केलं तर बंदूक चालते मस्त, पण आतून मार खात राहते. तेल जास्त झालं तरी घर्षण कमी होतं. पार्ट तेच, कॉन्फिगरेशन चुकलेलं! आणि दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण एररच दिसत नाही.

इकडे विंचेस्टरला आता स्वतःची बंदूक हवी होती. त्यांच्या टी. सी. जॉन्सनला ब्राउनिंगची पेटंटं टाळून डिझाइन करावं लागलं. म्हणून १९११च्या मॉडेलला बोल्ट ओढायचं हँडलच नाही. हाताने नळी मागे ढकलायची, त्यासाठी नळीवर खरखरीत पट्टा.

तेव्हा काडतुसं कागदी असायची. दमट हवेत फुगायची आणि आत घट्ट बसायची. मग लोक काय करायचे? दस्ता जमिनीवर टेकवून दोन्ही हातांनी नळी खाली दाबायचे. तोंड स्वतःच्या चेहऱ्याकडे, आत जिवंत काडतूस! यात माणसं जखमी झाली, काही गेली. बंदुकीला नावच पडलं 'विधवा करणारी'.

काडतूस अडकणं हा बग दोन्हीकडे होता. एकीकडे तो कडं फिरवून सुटायचा. दुसरीकडे तो सोडवायला गेलेला माणूसच नळीसमोर उभा असायचा. वापरणाऱ्याची चूक? हो. पण ती चूक करायला भाग पाडणारं डिझाइन कोणाचं होतं?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!